कान, नाक, मुख आणि कंठ : एका घराची चार द्वारे

कान, नाक, मुख आणि कंठ या अवयवांची नावे आपण निरनिराळी घेतो. तथापि शरीररचनेच्या दृष्टीने पाहिले, तर ती एकाच घराची चार द्वारे आहेत. नाकाचा मागील भाग घशात उघडतो. मुखाचा मागील भागही घशातच उघडतो. आणि प्रत्येक कानापासून निघालेली एक अरुंद नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात येऊन मिळते. म्हणूनच नाकात सुरू झालेले पडसे दुसऱ्या दिवशी घशात उतरते आणि चौथ्या दिवशी लहान मुलाचा कान ठणकू लागतो. या सर्व अवयवांची चिकित्सा एकच तज्ज्ञ करतो, त्याचे कारणही हेच आहे.

या पाठातील उदाहरणे मुख्यतः वाराणसी नगरीतून घेतली आहेत. काशी ही गायन-वादनाची आणि वेदपठनाची नगरी असल्याने तेथे कान आणि कंठ यांना विशेष महत्त्व आहे. तेथील विड्याची कीर्ती सर्व देशभर आहे. आणि ज्या ग्रंथात नाक-कानांच्या शस्त्रक्रियेचे अतिप्राचीन वर्णन आढळते, त्याची परंपराही काशीशीच जोडलेली आहे. मराठी वाचकाला ही नगरी परकी नाही. एकनाथांनी भागवतावरील आपली टीका १५७३ साली तेथेच पूर्ण केली, आणि गंगेच्या घाटांलगतच्या वस्त्यांत मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या नांदत आली आहेत.

काशीची परंपरा आणि पुण्याची शस्त्रक्रिया

काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुतादी शिष्यांना शल्यविद्या शिकविली, असे सुश्रुतसंहितेतच सांगितले आहे. या संहितेचा नेमका काळ कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु तीत या अवयवांचा जो विचार आढळतो, तो विस्मय वाटावा इतका तपशीलवार आहे. त्यात कानाचे २८, नाकाचे ३१ आणि मुखाचे ६५ रोग गणले आहेत. मुखरोगांची वाटणी स्थानांप्रमाणे केली आहे : ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि संपूर्ण मुखाचे ३. आजचे वैद्यक या रोगांची कारणे वेगळी सांगते. परंतु आधी स्थान निश्चित करावे आणि मग रोग ओळखावा, ही शिस्त आजही तीच आहे.

याच ग्रंथात कानाची फाटलेली पाळी जोडण्याच्या १५ रीती दिल्या असून तुटलेले नाक पुन्हा घडविण्याची कृतीही सांगितली आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा एका बाजूने जोडलेली ठेवून सोडवावी, ती नाकाच्या जागी बसवावी आणि श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, असा तिचा सारांश आहे.

ही विद्या केवळ ग्रंथात राहिली नव्हती. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात पुण्याजवळ घडलेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मनुष्य १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग कुंभार जातीतील एका शस्त्रवैद्याने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया समक्ष पाहिली.

तिची रीत अशी होती. प्रथम मेणाचे नाक करून ते रुग्णाच्या चेहऱ्यावर बसवून पाहिले जाई. मग ते मेण कपाळावर सपाट पसरून त्याच्या कडेने रेघ ओढीत. त्या रेघेप्रमाणे कपाळाची त्वचा सोडवीत, परंतु दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिचा एक देठ तसाच ठेवीत. हा देठ पिळून त्वचा खाली वळवीत व नाकाच्या जागी बसवीत. सांध्यावर पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पट्ट्या चिकटवीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ कापला जाई.

या कृतीतील मर्म त्या देठात आहे. शरीरापासून सर्वस्वी तोडलेला त्वचेचा जाड तुकडा रक्त न मिळाल्याने मरतो. देठ राखला, तर त्यातून रक्त वाहत राहते. तेवढ्या अवधीत नव्या जागेतून सूक्ष्म रक्तवाहिन्या त्वचेत शिरतात, आणि मग देठाची गरज उरत नाही. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने हा वृत्तांत ध्यानात ठेवून १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर ही पद्धत युरोपभर पसरली. संहितेत गालाची त्वचा सांगितली आहे, तर पुण्याच्या कुंभाराने कपाळाची वापरली. म्हणजे विद्या हस्तांतरित होता होता तिच्यात सुधारणाही होत गेली होती. कपाळाच्या त्वचेने नाक घडविण्याची रीत आजही प्रचारात आहे.

कान : हवेतील लाटेपासून ध्वनीच्या जाणिवेपर्यंत

कानाचे तीन भाग आहेत : बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण. आपल्याला दिसणारी पाळी व तिच्यापासून आत जाणारी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी मिळून बाह्यकर्ण होतो. या नळीच्या टोकाशी कानाचा पडदा ताणलेला असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकीच असते. पडद्यापलीकडे मध्यकर्णाची पोकळी आहे, आणि तीत एकमेकींना जोडलेली तीन चिमुकली हाडे आहेत. आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे पडली आहेत. यांतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय.

ही हाडे कशासाठी आहेत? अंतर्कर्ण द्रवाने भरलेला आहे. हवेतून आलेली ध्वनीची लाट द्रवावर आदळली, तर तिचा बहुतेक भाग परत फिरतो. नदीत बुडी मारलेल्या माणसाला काठावरचे बोलणे ऐकू येत नाही, त्याचे एक कारण हेच आहे. ही अडचण मध्यकर्ण दोन युक्तींनी दूर करतो. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्र रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट मोठे आहे. त्यामुळे मोठ्या पृष्ठावरील दाब लहान पृष्ठावर एकवटतो. शिवाय हाडांची रचना तरफेसारखी असून तिच्यामुळे बल सुमारे १.३ पट होते. १७ ला १.३ ने गुणले असता सुमारे २२ येतात. म्हणजे पडद्यावरील दाब अंतर्कर्णापाशी सुमारे २२ पट होऊन पोहोचतो.

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी असलेली एक नळी आहे. तिला कर्णशंख म्हणतात. त्यात सूक्ष्म केस असलेल्या हजारो पेशी ओळीने मांडलेल्या आहेत. शंखाच्या मुखाजवळचा भाग उच्च स्वरांना व टोकाकडचा भाग खर्जाच्या स्वरांना प्रतिसाद देतो. हे कार्य कसे चालते, ते दाखवून दिल्याबद्दल गेऑर्ग फोन बेकेशी या शास्त्रज्ञास १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी तरुण माणसास सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. वय वाढेल तशी वरची मर्यादा खाली येते. कर्णशंखालगतच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांचा श्रवणाशी संबंध नसून शरीराचा तोल राखणे हे त्यांचे कार्य आहे. स्वतःभोवती गिरक्या घेऊन थांबल्यावरही घर फिरते असे वाटते, कारण या नलिकांतील द्रव काही क्षण फिरतच राहतो.

मध्यकर्णातील हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका राहावा म्हणून घशापर्यंत जाणारी कंठकर्णनलिका आहे. एरवी ती मिटलेली असते. गिळताना वा जांभई देताना ती क्षणभर उघडते. विमानात किंवा घाट चढताना कानाला दडा बसतो आणि आवंढा गिळला की तो सुटतो, हा अनुभव अनेकांना असेल. लहान मुलांत ही नळी आखूड व जवळजवळ आडवी असते. त्यामुळे पडशाचे जंतू कानात सहज जातात. बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये, असे सांगतात ते याचसाठी.

कान फुटणे, कानातील मळ आणि गोंगाट

मध्यकर्णात पू साठला म्हणजे कान अतिशय ठणकतो. पडदा फाटून पू बाहेर आला की वेदना थांबतात, आणि घरची माणसे निश्चिंत होतात. धोका येथेच आहे. पडद्याचे छिद्र पुष्कळदा आपोआप भरून येते. पण ते न भरता कान वारंवार वाहू लागला, तर ऐकणे कमी होते. क्वचित प्रसंगी जंतुदोष कानामागील हाडात व तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. दुर्गंधीयुक्त स्राव येणे, कानामागे सूज येणे, ताप व तीव्र डोकेदुखी असणे किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. वाहत्या कानात कोमट तेल, लसणाचा रस किंवा अन्य पदार्थ कधीही घालू नयेत.

ज्याच्या पडद्याला छिद्र आहे, त्याने नदीत वा तलावात बुडी मारणे हानिकारक आहे. काशीस गंगास्नानाला जाणाऱ्या यात्रेकरूने हे विशेष ध्यानात ठेवावे. ओंजळीने किंवा लोट्याने अंगावर पाणी घेऊनही स्नान होते. पावसाळ्यातील दमट हवेत ओल्या राहिलेल्या कानात बुरशी वाढते व असह्य खाज सुटते. अशा वेळी काडीने कान कोरल्यास त्रास वाढतो.

कानातील मळ हा घाणीचा प्रकार नसून त्वचेचे संरक्षण करणारा स्राव आहे. जबडा हलत असताना तो आपोआप बाहेर सरकतो. उत्तर हिंदुस्थानातील शहरांत, काशीच्या घाटांवरही, सळई व कापूस घेऊन कान साफ करून देणारे कानमैलिये आढळतात. त्यांच्या हातात कौशल्य असले, तरी त्यांना पडदा दिसत नाही व त्यांची सळई जंतुरहित नसते. हेअरपिन, आगकाडी आणि कापूस गुंडाळलेली काडी यांनी तर मळ आतच ढकलला जातो. मळ घट्ट होऊन ऐकू येईनासे झाल्यास तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

बहिरेपणाचे दोन मुख्य प्रकार आहेत. मळ, पडद्याचे छिद्र किंवा हाडांची जखडण यांमुळे ध्वनी आत पोहोचत नाही, तेव्हा तो पहिला प्रकार होय. हा बहुधा उपचाराने सुधारतो. दुसऱ्या प्रकारात कर्णशंखातील पेशी किंवा श्रवणतंतू निकामी होतात. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून येथे प्रतिबंधाला फार महत्त्व आहे. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सोसता येतो, असे सर्वसाधारणपणे मानतात. आवाज ३ डेसिबेलने वाढला की त्यातील ऊर्जा दुप्पट होते, व म्हणून सोसण्याचा काळ निम्मा होतो. या हिशेबाने ९१ डेसिबेलला २ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला १५ मिनिटेच उरतात. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकाच्या अगदी जवळ उभे राहणाऱ्या मुलाने हा हिशेब स्वतः करून पाहावा. भारत सरकारने २००० साली केलेल्या नियमांनुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी ठरविण्यात आली आहे.

नाक : श्वासाचा द्वारपाल

प्रौढ माणूस दिवसभरात दहा हजार लिटरहून अधिक हवा आत घेतो. ती हवा फुफ्फुसांत जाण्यापूर्वी गाळणे, उबदार करणे व ओलसर करणे ही तीन कामे नाकाकडे आहेत. नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर वळलेल्या हाडांचे उंचवटे आहेत. त्यांच्यावरील ओल्या श्लेष्मल त्वचेत रक्ताचे विपुल अभिसरण असते. हवा या उंचवट्यांवरून वाहताना गरम व ओली होते. धुळीचे कण चिकट शेंबडात अडकतात, आणि सूक्ष्म रोमांच्या अखंड हालचालीमुळे तो थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे सरकतो. तेथून तो नकळत गिळला जातो.

वाराणसीत मे-जून महिन्यांत वाहणारी ‘लू’ अत्यंत कोरडी व उष्ण असते, तर हिवाळ्यात धुके आणि धूर एकत्र मिसळतात. या दोन्ही ऋतूंत नाकावर मोठा ताण पडतो. विदर्भातील उन्हाळ्यातही असाच अनुभव येतो. कोरड्या हवेत नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागातील नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. यालाच आपण घोळणा फुटणे म्हणतो. अशा वेळी रुग्णाला आडवे करून मान मागे टाकण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. त्यामुळे रक्त घशात जाते. रुग्णास बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटीत १० मिनिटे न सोडता दाबून धरावा आणि तोंडाने श्वास घ्यावयास सांगावे. एवढ्याने बहुतेक रक्तस्राव थांबतो. तरीही न थांबल्यास, किंवा वयस्क माणसास वारंवार होत असल्यास, रक्तदाब तपासून घेणे अवश्य आहे.

नाकाच्या आसपासच्या हाडांत हवेच्या चार जोड्या पोकळ्या आहेत. गालाच्या पोकळीचे छिद्र तिच्या तळाशी नसून वरच्या बाजूस आहे, म्हणून उभ्या माणसात तिचा निचरा नीट होत नाही. पडशाने हे छिद्र सुजून बंद झाले म्हणजे पोकळीत स्राव साठतो, गाल व कपाळ दुखते आणि वाकल्यावर डोके जड होते.

गंधाची जाणीव नाकाच्या अगदी छताशी असलेल्या लहानशा भागात होते. तेथे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असून त्यांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून असंख्य गंध ओळखता येतात. या शोधाबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा बराच भाग वस्तुतः गंधच असतो. डोळे मिटून व नाक दाबून सफरचंदाचा आणि कच्च्या बटाट्याचा तुकडा चावून पाहिला, तर दोहोंतील भेद सांगणे कठीण जाते.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर त्याने मणी, चिंचोका किंवा खडू आत घातला असावा असा संशय घ्यावा. खेळण्यातील गोल चपटा विजेचा घट नाकात अडकला, तर काही तासांतच तेथील ऊती जळू लागतात. म्हणून क्षणाचाही विलंब करू नये.

मुख : विड्याचे सुख आणि त्याची किंमत

मुखात अन्न चावले जाते, लाळेने भिजते आणि पिठूळ पदार्थांचे पचन सुरू होते. भाकरीचा घास बराच वेळ चावला, तर तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतील विकर पिष्टाचे रूपांतर शर्करेत करते. मनुष्याच्या मुखात दिवसाला सुमारे अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत लाळ स्रवते. ती दातांना धुऊन काढते आणि जंतूंना आळा घालते.

बनारसी पानाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आदरातिथ्याची खूण म्हणून विड्याला आपल्याकडेही जुना मान आहे. पण विड्यातील पान आणि विड्यातील सुपारी यांत भेद केला पाहिजे. पान स्वतः निरुपद्रवी मानले, तरी सुपारीविषयी तसे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, तंबाखू नसली तरीही, केवळ सुपारी हा कर्करोगजनक पदार्थ आहे. तंबाखू मिसळल्यावर हा धोका आणखी वाढतो.

सुपारी सतत चघळल्याने गालाच्या आतील त्वचेखाली कठीण तंतू साठत जातात. प्रथम तिखट खाल्ल्यावर आग होते. मग त्वचा पांढुरकी व ताठ होते. आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. डॉक्टर जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे भारतातील वर्णन प्रसिद्ध केले. तंतूंची ही वाढ मागे फिरविणे अतिशय कठीण असते, आणि अशा रुग्णांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो. याची घरगुती परीक्षा सोपी आहे. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. जात नसतील तर तपासणी करून घ्यावी. मुखात पांढरा वा लाल चट्टा दिसणे, किंवा तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण असणे, हीही तितकीच महत्त्वाची लक्षणे होत. असा व्रण बहुधा आरंभी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

महाराष्ट्राने २०१२ साली आणि उत्तर प्रदेशाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिवारातील दोन कर्करोग रुग्णालये अलीकडे वाराणसीत उभी राहिली आहेत. त्यांपैकी पंडित मदनमोहन मालवीय यांचे नाव असलेले केंद्र २०१९ साली सुरू झाले. मुखाचा कर्करोग आरंभीच ओळखला गेला, तर तो बरा होण्याची आशा पुष्कळ असते. उशीर झाला तर जबडा व जीभ यांचे भाग काढावे लागतात आणि तरीही यशाची खात्री नसते. मधल्या काळात रुग्ण घरी बसून मलम लावीत असतो. हा मधला काळ कमी करणे कुटुंबाच्या हाती आहे.

कंठ : श्वास, घास आणि शब्द यांचा चौक

घशात हवेचा व अन्नाचा मार्ग एकमेकांना छेदतो. गिळण्याच्या क्षणी मऊ टाळू वर जाऊन नाकाचा मार्ग बंद करते, स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वरतंतू मिटतात आणि कंठच्छद झाकणासारखे खाली येते. जेवताना बोलले वा हसले, तर हा क्रम चुकतो आणि ठसका लागतो. खोकता येत असेल तोवर रुग्णाला खोकू द्यावे. त्याला बोलता, खोकता वा श्वास घेता येत नसेल, तर वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच वेळा जोराने थापटावे. तेवढ्याने वस्तू न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत, व हा क्रम चालू ठेवावा. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर असे झटके देऊ नयेत.

आवाज कसा निघतो, हे सनईच्या उदाहरणाने चांगले समजते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी बालपणापासून काशीत साधना केली व २००६ साली तेथेच त्यांचे निधन झाले. सनईला तीन गोष्टी लागतात : वादकाच्या छातीतील हवा, त्या हवेने थरथरणारी पत्ती आणि नाद घडविणारी नळी. मानवी वाणीतही हेच तीन भाग आहेत. फुफ्फुसे हवा पुरवितात; स्वरतंतू कंप पावतात, पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा आणि स्त्रियांत सुमारे २०० वेळा; आणि घसा, मुख व नाक त्या नादाला आकार देतात. भेद इतकाच की सनईची पत्ती झिजली तर नवी लावता येते. स्वरतंतू मात्र जन्मभर तेच वापरावे लागतात. मोठ्याने ओरडण्याची सवय असलेले फेरीवाले, शिक्षक व गायक यांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिल्यास, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याने, स्वरयंत्र तपासून घ्यावे. स्वतःचे स्वरतंतू आरशाच्या साहाय्याने प्रथम पाहणारा मॅन्युएल गार्सिया डॉक्टर नव्हता. तो गायनशिक्षक होता. त्याने हा प्रयोग १८५४ साली केला.

आपली वर्णमाला हाही मुखाच्या रचनेचाच एक पाठ आहे. क, च, ट, त, प हे वर्ग कंठापासून ओठांकडे क्रमाने येतात : कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य व ओष्ठ्य. मराठीत ‘चहा’ आणि ‘चोर’ या शब्दांतील ‘च’ जिभेच्या निरनिराळ्या जागी उच्चारला जातो, हे वाचकाने म्हणून पाहावे. नाक चिमटीत धरून ‘मामा’ म्हटले, तर ते ‘बाबा’सारखे ऐकू येते, कारण ‘म’ साठी नाकाचा मार्ग मोकळा लागतो. ज्या मुलाचे नेहमीचेच बोलणे असे ऐकू येते, त्याच्या नाकामागील ग्रंथी वाढलेली असण्याचा संभव आहे. असे मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते आणि पुष्कळदा त्याला कमी ऐकूही येते. याउलट, दुभंगलेल्या टाळूच्या मुलाचे सर्वच उच्चार नाकातून येतात. बाळपणीच शस्त्रक्रिया झाल्यास त्याची वाणी सुधारते.

घसा दुखणे बहुधा विषाणूंमुळे होते आणि काही दिवसांत बरे होते. त्यासाठी प्रतिजैविके घेऊ नयेत. परंतु ५ ते १५ वर्षांच्या मुलांत एका विशिष्ट जिवाणूने घशाच्या गाठी सुजतात, आणि त्यावर पूर्ण उपचार न झाल्यास पुढे सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. डॉक्टरांनी दिलेले औषध ताप उतरल्यावर मध्येच थांबवू नये, त्याचे कारण हेच. घशात करडा पापुद्रा दिसून मान सुजली, तर घटसर्पाचा संशय धरावा; त्याची लस बालवयातच देण्यात येते.

शाळेचे व घराचे कर्तव्य

बनारस हिंदू विश्वविद्यालयाची स्थापना १९१६ साली झाली. तेथे आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोहोंचे अध्यापन एकाच परिसरात चालते. ज्या विभागात आयुर्वेदाचे विद्यार्थी कान, नाक व कंठ यांचे रोग शिकतात, त्याला आजही ‘शालाक्य’ हेच जुने नाव आहे. मात्र मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्याआधी रोग ओळखण्याचे काम घरात व शाळेतच व्हावे लागते.

नवजात बालकाच्या श्रवणाची परीक्षा पहिल्या महिन्यात व्हावी, दोष आढळल्यास त्याची निश्चिती तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हावी आणि साहाय्य सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. मूल जे ऐकते तेच बोलावयास शिकते. ही शिकण्याची वर्षे निघून गेली, तर नंतर दिलेल्या श्रवणयंत्राचा लाभ पुष्कळ कमी होतो. शाळेत जे मूल प्रश्न पुन्हा विचारते, शिक्षकाच्या तोंडाकडे टक लावून पाहते, मागच्या बाकावर बसले की चुकते, ते मंद वा खोडकर आहे असा समज होण्यापूर्वी त्याचा कान तपासला गेला पाहिजे. कितीतरी मुलांना केवळ मळ किंवा मध्यकर्णातील द्रव यामुळे धडा ऐकू येत नसतो, आणि साध्या उपचाराने त्यांचे वर्ष वाचते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पडसे झाल्यावर लहान मुलाचा कान मोठ्या माणसाच्या कानापेक्षा अधिक वेळा का दुखतो?

२. ८५ डेसिबेलला ८ तास, या नियमाने ९४ डेसिबेलच्या आवाजात किती वेळ थांबता येईल?

३. नाक दाबून न, म, क, प ही अक्षरे म्हणून पाहा. कोणती बदलतात व का?

४. घोळणा फुटल्यास मान मागे का टाकू नये?

५. पुण्याच्या शस्त्रवैद्याने त्वचेचा देठ पंचविसाव्या दिवसापर्यंत का राखला?